बडोद्याच्या आसपासच्या रानआमऱ्या: सारख्या दिसणाऱ्या वेगळ्या कशा ओळखायच्या

बडोद्यात कुणालाही "रानातल्या ऑर्किड बघायला चाललोय" म्हणून सांगा, उत्तर ठरलेलं असतं: "इथे कुठल्या आल्यात ऑर्किड? त्यासाठी आंबोली नाहीतर सिक्कीम गाठा." सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फुलवाल्याकडच्या पुष्पगुच्छातली ती जांभळी-पांढरी फुलं असतात. आपल्या रानातल्या ऑर्किड, म्हणजे आमऱ्या, त्या नव्हेत. हालोल सोडून शिवराजपूर-जांबुघोड्याच्या रस्त्याला लागलात की जुन्या महुड्यांच्या (मोहाच्या झाडांच्या) फांद्यांवर त्या दिसायला लागतात, आणि चौमासात डोंगरउतारांवरच्या गवतात. सह्याद्रीच्या मानाने प्रजाती थोड्या, कारण पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. नवशिक्याला मात्र हे सोयीचंच आहे. शंभर नावांत बुडण्यापेक्षा दहा-पंधरा नीट ओळखता येणं कधीही बरं.

अडचण वेगळीच आहे. आमरी ओळखायला निघालेला माणूस आधी फुलाचा रंग बघतो आणि तिथेच फसतो. या कुळात रंगावर भरवसा ठेवता येत नाही. दोन शेजारच्या झाडांवरची एकाच प्रजातीची फुलं एक हिरवट आणि एक तपकिरी असू शकतात, आणि वर्षातले आठ-नऊ महिने तर फूलच नसतं. मग पानाचं टोक, मुळं, सुकलेला दांडा आणि फळ यांच्याकडे बघावं लागतं. फूल मिळालंच तर बघायचा तो ओठ, म्हणजे बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसणारी एक पाकळी.

१. आधी ही आमरी आहे का, तेवढं ठरवा

झाडावर हिरवं काही वाढलेलं दिसलं की ते बांडगूळ असण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडे आंब्यावर आणि महुड्यावर बांडगूळ भरपूर असतं. दोन्हीतला फरक पायथ्याशी कळतो. बांडगूळ फांदीच्या आत घुसतं, आणि जिथे घुसतं तिथे फांदीला गाठ येते. आमरी झाडाचं काही खात नाही. तिची मुळं सालीला फक्त चिकटून असतात, काही नुसतीच हवेत लोंबतात. जाड, राखाडी-पांढरी, दोरीएवढी. हात पोचत असेल तर बाटलीतलं थोडं पाणी मुळावर शिंपडा. पांढरं मूळ बघता बघता हिरवं होतं, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी पिऊन पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. बांडगुळाच्या बाबतीत असलं काही घडत नाही.

आणखी एक. गावात विचारताना "वांदो क्यां छे?" असं विचारलंत तर तुम्हाला सरळ बांडगुळाकडे नेतील, कारण गुजरातीत वांदो म्हणजे बांडगूळच. त्यापेक्षा मोबाइलवर फोटो दाखवा.

जमिनीवर फसवणारी म्हणजे काळी मुसळी. तिची पानं लांब आणि चुण्या पडलेली असतात, त्यामुळे युलोफिया किंवा जिओडोरम या जमिनीवरच्या आमऱ्यांची कोवळी पानं समजून लोक तिचेच फोटो काढून येतात. काळ्या मुसळीचं फूल अगदी जमिनीलगत येतं, पिवळं, आणि त्याच्या सहाही पाकळ्या एकसारख्या असतात. आमरीत तसं होत नाही. बाहेरची तीन दलं, आतली तीन, आणि आतल्या तिनांतलं एक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वेगळं: मोठं, फाटे फुटलेलं, किंवा वेगळ्या रंगाचं. हाच ओठ. फुलाच्या मधोमध पुंकेसर आणि स्त्रीकेसर सुटे दिसत नाहीत, दोन्ही मिळून एकच बुटका खांब झालेला असतो. ओठ आणि खांब दिसले की आमरी. नुसतं पान हाती असेल तर घाई करू नका, जागा लिहून ठेवा आणि पुन्हा या.

२. पिशवीत काय हवं

फार खर्च नाही. महागड्या कॅमेऱ्याची तर सुरुवातीला अजिबात गरज नाही.

- दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. सोनार वापरतात तसलं चालतं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि फूल जवळ आणायचं. पुष्कळ जण उलटं करतात आणि काही दिसत नाही म्हणून भिंगाला नावं ठेवतात. फूल तोडायचं नाही, आपणच वाकायचं.
- सहा इंची पट्टी, मिलिमीटरच्या खुणा असलेली.
- एका बाजूला काळा आणि एका बाजूला पांढरा असा पुठ्ठ्याचा तुकडा. पांढऱ्या-हिरवट फुलांच्या मागे काळी बाजू धरली की ओठाचे बारीक फाटे फोटोत स्पष्ट येतात. गवतात त्याशिवाय कॅमेरा फोकसच पकडत नाही.
- दुर्बीण. झाडावरच्या आमऱ्या बऱ्याचदा वीस-पंचवीस फुटांवर असतात.
- वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसात पसरते.
- पावसाळ्यात गमबूट. या पट्ट्यात फुरसं आहे, आणि तुम्ही गवतात गुडघे टेकून बसणार आहात.

कागदपत्रं: जांबुघोडा आणि रतनमहाल ही अभयारण्यं आहेत. मुख्य रस्त्यावरून झंड हनुमानाला जाऊन येणं वेगळं आणि आत पायी हिंडणं वेगळं. आत जायचं तर वनखात्याची परवानगी काढा. ओळखपत्राची प्रत, गाडीचा नंबर, सोबत येणाऱ्यांची नावं आणि कशासाठी जाताय याची दोन ओळींची चिठ्ठी एवढी तयारी ठेवा. "वनस्पतींचे फोटो काढणे, नमुने घेणार नाही" असं स्पष्ट लिहिलेलं बरं, त्याने पुढचे बरेच प्रश्न वाचतात. अर्ज गुजरातीत असेल तर काम लवकर होतं. आणि सोबत स्थानिक माणूस घ्याच. बिबट्या आणि अस्वलं दोन्ही आहेत तिथे.

३. केव्हा जायचं

मार्चअखेरीपासून पावसाळा लागेपर्यंत झाडांवरच्या व्हँडा फुलतात. महुड्याची पानं त्या सुमारास झडलेली किंवा नुकती फुटत असतात, त्यामुळे खालून दिसायलाही सोपं. ऊन मात्र सोसवत नाही, सकाळी सातला रानात असायला हवं.

पहिल्या पावसाच्या आगेमागे युलोफिया आणि एकपानी यांची फुलं येतात. हा काळ फार आखूड असतो आणि हमखास चुकतो, कारण तोवर आपण "पाऊस जरा स्थिरावू दे" म्हणत घरी बसलेले असतो.

श्रावण-भाद्रपद गवतातल्या हॅबेनेरियांचा. दिवाळीनंतर फुलं जवळजवळ संपतात. उरतात फळं, वाळके दांडे आणि झाडांवरची पानं. याच दिवसांत पान-फळ बघून ओळखायचा सराव करा, तो उन्हाळ्यात उपयोगी पडतो. हिवाळ्यात ओल्या गवतात, कालव्यांच्या कडेला आणि भाताच्या बांधांवर झ्युक्सीन स्ट्रॅट्युमॅटिका ही वीतभरही न वाढणारी आमरी येते. अरुंद, लालसर झाक असलेली पानं, दाटीने आलेली इवली पांढरी फुलं आणि पिवळा ओठ. ती बघायला डोंगर चढावा लागत नाही, पण ओणवं होऊन गवत विंचरायची तयारी हवी.

४. झाडावरच्या: व्हँडा की अकँपे?

पंचमहाल-छोटाउदेपूरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त भेटेल ती व्हँडा टेसेलाटा. हिच्यावर वेळ घालवा. ही नीट समजली की बाकीच्या तिच्याशी ताडून बघता येतात.

फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद. दलांवर पिवळट हिरव्या किंवा करड्या रंगावर तपकिरी रेघांची जाळी असते, चौकटी-चौकटींची. कडा पांढुरकी आणि दलांची मागची बाजू तर जवळजवळ पांढरी. हे मागून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून मागचाही फोटो हवा. ओठ निळसर जांभळा. भिंगातून बघितलात तर ओठाचा मधला भाग कमरेत आवळलेला आणि टोकाशी दुभंगलेला दिसेल. त्याच्या बुडाशी दोन लहान पांढरे कान, आणि मागे आखूड निमुळती नळी. जाळीचा रंग फिक्या हिरव्यापासून गडद चॉकलेटीपर्यंत काहीही असतो, काही झाडांत तर निळसर राखाडी झाक येते. "ही तर वेगळीच दिसतेय" असं वाटायला लावणाऱ्या दहांतल्या नऊ टेसेलाटाच निघतात.

हिची बहीण व्हँडा टेस्टेशिया. तिचं फूल निम्म्याहून लहान, दलं पिवळसर, आणि त्यांवर जाळी अजिबात नाही. ओठ तिचाही जांभळट, आणि नेमका तोच बघून लोक घोटाळा करतात. जाळी आहे की नाही आणि फूल पट्टीवर किती भरतं, या दोन गोष्टींवर निकाल लागतो. पानंही तिची जास्त अरुंद. ती डांगच्या जंगलांत बघायला मिळते. पावागडाजवळ कुणी टेस्टेशिया सापडली म्हणालं तर आधी फोटो मागा.

आता खरा पेच: फूल नाही, झाड वीस फूट उंचीवर, आणि शेजारी अकँपे प्रीमोर्सा असण्याचीही शक्यता. दक्षिणेकडे डेडियापाडा-डांगच्या अंगाला गेलात की हा प्रश्न पडतोच. दोघींची पानं पट्ट्यासारखी, जाड, खोडाच्या दोन बाजूंना ओळीने लागलेली. तेव्हा या क्रमाने बघा:

पानाची घडी. व्हँडाचं पान मधल्या शिरेवर दुमडलेलं असतं, आडवा छेद घेतला तर इंग्रजी व्ही दिसेल असं, आणि कमानीसारखं बाहेर वाकतं. अकँपेचं पान जास्त रुंद, जास्त जाड, चामड्यासारखं, आणि बऱ्यापैकी सपाट.

पानाचं टोक. व्हँडा टेसेलाटाच्या टोकाला दोन-तीन असमान दाते असतात, त्यांतला एखादा टोकदार. अकँपेचं टोक बोथट असतं, मधे खाच आणि खाचेच्या दोन बाजू लहान-मोठ्या. दुर्बिणीतून हे दिसतं. फक्त कोवळं, न फाटलेलं पान निवडा. जुन्या पानांची टोकं वाळून झडतात, आणि ती बघून काढलेला निष्कर्ष कवडीमोलाचा.

जुना दांडा. व्हँडाच्या फुलांचा दांडा लांब, पानांच्या वर किंवा बाहेर आलेला. वाळला तरी महिनोन् महिने झाडावर राहतो. अकँपेचा दांडा आखूड, जाडसर, पानांच्या बेचक्यात दडलेला. तिची फुलंही तशीच दाटीने येतात: सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, मांसल, पिवळी, आडव्या तांबूस-तपकिरी पट्ट्यांची, आणि ओठ पांढरा, त्यावर जांभळट ठिपके.

फळ. माझ्या मते सगळ्यांत भरवशाची खूण हीच. व्हँडाची फळं लांब दांड्यावर सुटी-सुटी, धारा असलेली, टोकाकडे जाड होत गेलेली. अकँपेची एकाच ठिकाणी घोळक्याने, वेलची केळ्यांचा छोटा घड लटकावा तशी. खालून नुसत्या डोळ्यांनीही फरक कळतो.

डांगमध्ये एरिडिसही भेटतात. फुलं गुलाबी, त्यामुळे व्हँडा-अकँपेशी घोटाळा होत नाही, घोटाळा त्यांचा आपसात होतो. एरिडिस क्रिस्पाच्या ओठाची कड झालरीसारखी कातरलेली, एरिडिस मॅक्युलोसाच्या ओठाची तशी नाही आणि दलांवर जांभळे ठिपके. त्याबद्दल इथे इतकंच पुरे, कारण बडोद्याहून एका दिवसात जाऊन येण्याच्या टापूत त्या सहसा नसतात.

५. एकपानी: फूल आणि पान एकत्र सापडत नाही

नर्व्हिलियाला मराठीत एकपानी म्हणतात. जमिनीत छोटा कंद, त्यातून पावसाच्या सुरुवातीला आधी नुसता फुलाचा दांडा येतो. तो सुकला की मग एकच पान. त्यामुळे जूनमध्ये फूल बघणाऱ्याला पान माहीत नसतं आणि ऑगस्टमध्ये पान बघणाऱ्याला फूल. एकाच जागी दोनदा गेल्याशिवाय यातून सुटका नाही. जागेची खूण नीट लिहा. "ओढ्याजवळ, मोठ्या दगडाशी" असल्या नोंदी दोन महिन्यांनी निरुपयोगी ठरतात, तोवर गवत छातीएवढं वाढलेलं असतं.

पानावरून दोन प्रजाती बऱ्यापैकी वेगळ्या काढता येतात. नर्व्हिलिया कॉनकलरचं पान हिरवं, बदामाच्या आकाराचं, पंख्यासारख्या चुण्यांचं, गुळगुळीत, आणि लांब देठावर जमिनीपासून वर उचललेलं. नर्व्हिलिया प्लिकाटाचं पान जमिनीलगत, मखमली लव असलेलं, बऱ्याचदा जांभळट छटेचं. बोट हलकेच फिरवून लव आहे का बघा. फुलांत कॉनकलरच्या दांड्यावर अनेक हिरवट-पिवळी फुलं, प्लिकाटाला सहसा दोन, जांभळट. जुन्या याद्यांत कॉनकलरचं नाव नर्व्हिलिया अरागोआना असं मिळेल. झाड तेच.

६. हॅबेनेरिया: नुसता ओठ बघा

भाद्रपदात माळावर गुडघ्याएवढ्या गवतात हिरवट-पांढरे तुरे उभे दिसतात आणि सगळे एकसारखेच वाटतात. इथे सुरुवातीला वैताग येतो. वैतागलात तरी फुलाच्या बाजूला बसा आणि भिंग काढा.

आधी फुलाच्या मागचा देठ बघा. जो देठ वाटतो तो खरं तर बीजकोश, आणि त्याला पीळ पडलेला स्पष्ट दिसतो. कळी वाढताना तो अर्धा फेरा फिरतो, त्यामुळे मुळात वर असलेला ओठ खाली येतो. मग ओठाच्या बुडापासून मागे गेलेली नळी शोधा, तिच्या तळाशी मध असतो. नळीची लांबी बीजकोशाच्या तुलनेत लिहा: आखूड, तेवढीच, की जास्त लांब. हा एक आकडा पुढे निम्मं काम करतो.

मग ओठ. बहुतेक हॅबेनेरियांचा ओठ तीन फाट्यांचा. मधला कसा, बाजूचे कसे, हे चित्र काढून ठेवा. चित्रकला येत नसली तरी चालतं. काढताना जे लक्ष जातं ते फोटो काढताना जात नाही.

हॅबेनेरिया मार्जिनाटा पटकन ओळखू येते. दोन-चार पानं जमिनीवर सपाट पसरलेली आणि त्यांना पिवळी कड. फुलं पिवळी, दाटीने, आणि ओठाचे बाजूचे फाटे मधल्यापेक्षा बारीक व लांब. फुलं नसतानाही नुसत्या पानांच्या कडेवरून बहुतेक वेळा सांगता येते.

हिरव्या फुलांच्या दोन बघा: हॅबेनेरिया फर्सिफेरा आणि हॅबेनेरिया डिजिटाटा. दोघींचे ओठ दोऱ्यासारख्या बारीक फाट्यांचे, म्हणून फोटोत एकच वाटतात. फर्सिफेराची पानं बुडाशी गोळा झालेली आणि वर लांबच लांब तुरा. डिजिटाटाची पानं खोडावर वरपर्यंत चढत गेलेली. शिवाय डिजिटाटाच्या ओठाशेजारच्या पाकळ्यासुद्धा दुभंगलेल्या असतात, त्यामुळे समोरून बोटांचा गुंता दिसतो. फर्सिफेराच्या पाकळ्या अखंड. फूल समोरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो नसतील तर हा फरक घरी येऊन सांगता येत नाही.

आणि पेरिस्टायलस. दिसायला बारक्या हॅबेनेरियासारखी, फुलं लहान, फारशी न उघडणारी, मागची नळी अगदी आखूड, कधी नुसता गोळा. नक्की करायचं तर फुलाच्या तोंडाशी भिंग लावा. हॅबेनेरियात खांबाच्या खालून दोन छोटे मांसल दांडे पुढे आलेले असतात, पराग चिकटण्याच्या जागा त्यांच्या टोकांवर. पेरिस्टायलसमध्ये असे दांडे नाहीत, त्या जागा उशीसारख्या तिथेच चिकटलेल्या. दहापट भिंगात हे दिसतं, पण सकाळच्या चांगल्या उजेडात. ढगाळ दुपारी डोळे फोडून घेऊ नका.

महाराष्ट्रातले भटके यांना हबे आमरी म्हणतात, आणि सह्याद्रीच्या पठारांवरच्या कितीतरी प्रजातींना त्यांनी मराठी नावं दिली आहेत. ती वाचायला छान वाटतात. पण कासच्या पठारावरची यादी उघडून पावागडच्या पायथ्याशी ओळख पटवायला बसू नका. इथे नसलेली डझनभर नावं डोक्यात भरतात.

७. युलोफिया आणि जिओडोरम

दोघींचीही पानं रुंद, चुणीदार, काळ्या मुसळीची मोठी आवृत्ती. फूल नसेल तर युलोफियापुढे प्रश्नचिन्ह टाकून मोकळे व्हा.

फूल असेल तर जिओडोरम लगेच कळते. फुलांच्या दांड्याचं टोक काठीच्या मुठीसारखं खाली वळलेलं असतं आणि फुलं त्या वळणावर गोळा झालेली. फळं धरली की तोच दांडा सरळ होतो, त्यामुळे सप्टेंबरात बघणाऱ्याला वळण दिसत नाही.

युलोफियात दांडा सरळ. युलोफिया ऑक्रिआटाची फुलं पिवळी आणि दाट. युलोफिया हर्बेशियाची पांढरट, बाहेरची दलं हिरवट, आणि ओठावर पिवळसर केसांच्या रांगा. भिंगाखाली बघायला सगळ्यात देखणं हेच. युलोफिया स्पेक्टाबिलिसची फुलं मोठी, हिरवटापासून जांभळट गुलाबीपर्यंत कुठल्याही छटेची. तिचं जुनं नाव युलोफिया न्यूडा, आणि औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत अजून तेच चालतं.

या कंदांना अमरकंद म्हणून बाजार आहे, आणि त्यासाठी ते रानातून खणले जातात. म्हणून युलोफिया कुठे दिसली हे चारचौघांत, चहाच्या टपरीवर, सोबतच्या सगळ्यांना सांगत सुटू नका.

८. फोटो कुठले हवेत

एक सुंदर फोटो ओळखीच्या कामाचा नसतो. प्रत्येक झाडाचे हे हवेत: पूर्ण झाड जागेसकट, पानाचं टोक, फूल समोरून, फूल बाजूने (नळी दिसेल असं), आणि पट्टी शेजारी धरून एक. झाडावरची असेल तर कोणत्या झाडावर होती ते त्याच्या सालीच्या फोटोसकट. फळ किंवा जुना दांडा असेल तर तोही.

बाजूचा फोटो सगळे विसरतात. हॅबेनेरियाचे समोरून काढलेले वीस फोटो असतील आणि नळी एकातही नसेल, तर नाव प्रजातीपर्यंत जात नाही.

९. ॲप वापरा, पण त्याचं ऐकायचं किती ते ठरवा

गूगल लेन्स आणि प्लांटनेट फुलाचा रंग आणि ढोबळ आकार बघतात. व्हँडा टेसेलाटा ते बरोबर सांगतील. हॅबेनेरियाला मात्र जगभरातलं काहीही नाव देतील, आणि तेही ठामपणे. ॲपने दिलेलं कुळ आणि फार तर वंश घ्या, प्रजाती स्वतः तपासा. तपासताना पहिला प्रश्न: ही वनस्पती पश्चिम भारतात नोंदलेली आहे का? नसेल तर ॲप चुकलंय असं धरून चाला.

आयनॅचरलिस्टवर टाकलंत तर माणसं बघतात, म्हणून ते जास्त उपयोगाचं. पण टाकताना जागेच्या सेटिंगमध्ये ठिकाण अस्पष्ट करण्याचा पर्याय आहे, तो निवडा. नाहीतर तुमचा नकाशा घेऊन कंद खणणारा थेट तिथे पोचेल. व्हॉट्सॲपवर मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर त्यातही ठिकाणाची माहिती जाते.

बोलीतल्या नावांचं तसंच. सीतेची वेणी म्हणून कुणी ऱ्हिंकोस्टायलिस दाखवतं, कुणी एरिडिस. रास्ना म्हणाल तर औषधांच्या दुकानात वेगळीच वनस्पती हाती येईल. देशाच्या निरनिराळ्या भागांत त्या नावाने तीन निराळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि व्हँडाची मुळं त्यांतली फक्त एक. वहीत बोलीतलं नाव जरूर लिहा, कुठल्या गावात ऐकलं तेही लिहा, पण ओळख म्हणून लिहू नका.

१०. घरी आणायचं नाही

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो: "फांदी तुटून पडली होती, मग आणली तर काय बिघडलं?" अभयारण्यात असाल तर पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही, तो वन्यजीव संरक्षण कायद्याचा, म्हणजे 1972 च्या कायद्याचा विषय आहे. त्या कायद्यात काही आमऱ्यांना वेगळं संरक्षणही आहे, आणि आमऱ्यांचं पूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहे. अभयारण्याबाहेर पडलेली फांदी दिसली तर तिथल्याच एखाद्या झाडाच्या बेचक्यात सुतळीने बांधून ठेवा आणि शेतमालकाला सांगा.

कायदा बाजूला ठेवला तरी जमिनीवरच्या आमऱ्या कुंडीत जगवणं कठीण. बी धुळीसारखं बारीक, त्यात स्वतःचा शिधा नसतो, मातीतली विशिष्ट बुरशी मिळाली तरच ते रुजतं. बागेसाठी हवीच असेल तर रोपवाटिकेतली, लागवड केलेली घ्या.

११. नाव कुठपर्यंत लिहायचं

वहीत तीन पायऱ्या ठेवा. ओठ, नळी, पान आणि फळ यांपैकी तिन्ही-चारी जुळले तर पूर्ण नाव. दोनच जुळले तर "हॅबेनेरिया, बहुधा फर्सिफेरा". फक्त पान असेल तर "हॅबेनेरिया" इतकंच, आणि पुढे काय बघायचं राहिलं ते: "नळी बघायची", "फळ आल्यावर पुन्हा". पुढच्या खेपेला निघताना हेच पान उघडा.

अडलेलं दाखवायला बडोद्यात जागा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या नमुन्यांचं संग्रहालय आहे. झाड घेऊन जाऊ नका, फोटो आणि वही न्या. आधी विचारून वेळ ठरवा, परीक्षांचे दिवस टाळा. फोटो मोबाइलच्या गॅलरीत लग्नाच्या अल्बममधून शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक झाडाचे एका फोल्डरमध्ये, तारखेसकट लावून ठेवा.